दहा आठवडे आले कुठून?

प्रश्न : मी झाशीत राहते. आमचं मराठी घर इथे चार पिढ्यांपासून आहे. वय ३३, दोन मुलं. नवरा पुण्याला नोकरीत, दोन-तीन महिन्यांतून एकदा येतो. पाळी चुकून सहा आठवडे झाले. साधन वापरूनही दिवस राहिले आणि तिसरं मूल आम्हा दोघांनाही नको आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून कागदावर चक्क ‘दहा आठवडे’ लिहिलं. गोळ्यांची वेळ गेली, आता छोटी सफाई करावी लागेल, असं त्या म्हणाल्या. दहा आठवड्यांपूर्वी नवरा घरी नव्हताच! कागद कोणाच्या हाती लागला तर काय सांगू? सासूबाई म्हणतात, पिशवी खरवडली की बाई कायमची अधू होते. शेजारीण म्हणते, नवऱ्याच्या सहीशिवाय होत नाही आणि खरं तर हा गुन्हाच आहे, दवाखान्यात पाटीच लावलीय. औषधांचा दुकानदार म्हणतो, कशाला भानगड, किट घेऊन जा. कोणाचं खरं? आणि त्या दिवशी, त्याच्या आधी आणि नंतर नेमकं काय काय होतं? – एक वाचक, झाशी

उत्तर : आधी सहा आणि दहा यांच्यामधले ते चार आठवडे सोडवू, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. डॉक्टर गर्भाचं वय संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, कारण तो दिवस बहुतेकींना नक्की सांगता येत नाही. शेवटची पाळी कधी आली, ते मात्र आठवतं. म्हणून जगभर मोजणी त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. पाळी साधारण चार आठवड्यांनी येते. म्हणजे ती चुकली त्या दिवशीच कागदावर चार आठवडे भरलेले असतात. त्यात तुमचे सहा मिळवले की दहा होतात. गर्भ प्रत्यक्षात राहतो तो पाळीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत अंदाजे आठ आठवड्यांपूर्वी. तेव्हा तुमचे यजमान सुट्टीवर आले होते का, हे कॅलेंडरात पाहा. हिशेब जुळेल आणि कागदही निर्दोष ठरेल.

ही मोजणी नीट कळणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांनी गर्भपात करायला आपल्याकडच्या नियमांनुसार नऊ आठवड्यांपर्यंतच परवानगी आहे. ‘पाळी चुकून सहाच आठवडे झालेत’ या हिशेबाने तुम्ही दुकानातलं किट घेतलं असतं, तर मर्यादा ओलांडून घेतलं असतं. गर्भ जितका मोठा, तितकं अंगावरून जास्त जातं आणि आत काही उरण्याची शक्यताही वाढते. शिवाय गर्भ पिशवीतच आहे की बीजवाहक नळीत अडकला आहे, हे दुकानदाराला दिसत नाही. नळीत असेल तर या गोळ्या तो काढू शकत नाहीत. नळी फुटली तर जिवावर बेततं. आणि किट घेणारी एकटी तुम्हीच आहात असं समजू नका. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. गोळ्या औषध म्हणून उत्तम आहेत. प्रश्न असतो तो तारीख न मोजता, तपासणी न करता घेण्याचा. तेव्हा दुकानदाराला नमस्कार करून पुढे चला.

आता शेजारीणबाईंची पाटी. ती पाटी खरी आहे, पण ती दुसऱ्याच कायद्याची. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो दंडनीय अपराध आहे’ असं लिहिलेलं असतं. तो १९९४ चा कायदा मुलगा की मुलगी हे पाहण्यावर बंदी घालतो. गर्भपाताचा कायदा त्याहून जुना आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली. चोरून, अस्वच्छ जागी होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, हा तिच्यापुढचा मोठा प्रश्न होता. तिच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे चोवीस आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर त्याही पुढे वैद्यकीय मंडळ निर्णय देऊ शकतं. कुटुंबनियोजनाचं साधन फसणं हे कारण कायद्यात स्पष्ट शब्दांत दिलेलं आहे. तुमची गोष्ट नेमकी तीच आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे झाशीत एक आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशात दुसरा, असंही नाही.

नवऱ्याची सही? कायदा ती मागत नाही. अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. पालकाची संमती लागते ती फक्त अल्पवयीन मुलीसाठी किंवा मानसिक आजारामुळे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या स्त्रीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांसारखाच अधिकार आहे असं सांगितलं आणि घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असंही बजावलं. तरी पुष्कळ दवाखाने सवयीने विचारतात, ‘पती साथ में आए हैं?’ तुमचे यजमान तयारच आहेत, त्यामुळे तुम्हाला भांडण काढायची गरज नाही. पण ते पुण्याहून यायचे म्हणून दोन आठवडे थांबू मात्र नका.

उशीर का नको, तेही सांगतो. बारा आठवड्यांच्या आत ही क्रिया सर्वांत सोपी असते. त्यानंतर गर्भाशयमुख जास्त रुंदावावं लागतं, रक्तस्राव वाढतो आणि डॉक्टरही जास्त अनुभवी लागतो. बारा आठवड्यांपर्यंत खास प्रशिक्षण घेतलेल्या एमबीबीएस डॉक्टरलाही परवानगी असते, पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोग विभागात काम केलेला डॉक्टर लागतो. जागाही सरकारी रुग्णालयाची किंवा सरकारने मान्यता दिलेलीच असली पाहिजे. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र समोर दिसेल असं लावलेलं असतं. ते दिसलं नाही तर विचारा. ‘हम भी कर देते हैं’ म्हणणाऱ्या झोलाछापाकडे किंवा परवानगी नसलेल्या वैद्याकडे जाऊ नका. झाशीत जिल्हा महिला रुग्णालय आहे, महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजचा स्त्रीरोग विभाग आहे. सरकारी ठिकाणी खर्च नाही किंवा नाममात्र असतो. एवढ्यासाठी ग्वाल्हेर गाठायचं कारण नाही.

आता सासूबाई. त्यांची भीती निराधार नाही, फक्त जुनी आहे. त्यांच्या काळात ‘क्युरेटिंग’ व्हायचं. धारेच्या धातूच्या चमच्याने पिशवीचं अस्तर खरवडलं जायचं. जास्त खरवडलं गेलं तर अस्तराला इजा होई, कधी पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटत. जागतिक आरोग्य संघटना आता ही पद्धत वापरू नका असं सांगते. तिच्याऐवजी पिशवीत बारीक नळी घालून हलक्या ओढीने ती रिकामी करतात. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ‘एमव्हीए’ असं लिहिलेलं सापडलं, तर ते हेच. तरी दवाखान्यात एक प्रश्न जरूर विचारा : ‘ओढून काढणार की खरवडणार?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळायला हवं.

आता आधीचा दिवस. डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतील, पोट आणि पिशवी तपासतील, बहुधा सोनोग्राफी करतील. त्यात गर्भ पिशवीतच असल्याची खात्री होते आणि आठवडे पक्के होतात. रक्तात हिमोग्लोबिन आणि रक्तगट पाहतात. हिमोग्लोबिनची काळजी उगाच नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. आधीच रक्त कमी असलं, तर थोडा रक्तस्रावही जड जातो. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. बारा आठवड्यांच्या आत ते लागत नाही असं जागतिक आरोग्य संघटना आता म्हणते, पण आपल्याकडे बरेच डॉक्टर ते देतात. दमा, फिट्स, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधीचं सिझर यातलं काहीही असेल तर सांगून टाका. सिझर झालेलं असलं म्हणून क्रिया अडत नाही, पण हात कसा चालवायचा हे डॉक्टरला आधी कळलेलं बरं.

उपाशी राहायचं का, हे भुलेवर ठरतं. नुसतं गर्भाशयमुखाशी इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करणार असतील, तर हलकं खाल्लेलं चालतं. पूर्ण झोपवणार असतील, तर सहा तास आधीपासून अन्न बंद. दूध आणि दुधाचा चहाही अन्नातच धरतात. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. कारण साधं आहे : भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला धोका होतो. कोणती भूल देणार हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. सैल कपडे घाला, चार-सहा पॅड बरोबर ठेवा आणि परत न्यायला कोणीतरी असू द्या.

काही वेळा क्रियेच्या दोन-तीन तास आधी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या जिभेखाली किंवा योनीत ठेवतात. त्याने पिशवीचं तोंड मऊ होतं आणि नळी सहज आत जाते. त्या वेळात थोडं पोट दुखतं, थंडी वाजते, किंचित लाल दिसतं. ‘अजून काही केलंच नाही आणि सुरूही झालं?’ असं वाटून घाबरू नका, गोळी आपलं काम करत असते. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिकचा डोसही आधीच देतात.

प्रत्यक्ष क्रियेला पाच-दहा मिनिटं पुरतात. तयारी आणि विश्रांती धरून दवाखान्यात मात्र काही तास जातात. बाळंतपणाच्या तपासणीला झोपतात तसंच झोपायचं. पिशवीचं तोंड दिसेल इतपत योनी उघडून धरतात, जंतुनाशकाने पुसतात, बधिर करायचं इंजेक्शन देतात. मग काही मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी आत जाते. तिची जाडी साधारण आठवड्यांच्या हिशेबाने निवडतात, तुमच्या वेळी आठ ते दहा मिलिमीटर. नळीच्या दुसऱ्या टोकाला साठ मिलिलीटरची मोठी सिरिंज असते. तिचा दट्ट्या मागे ओढून आत आधीच पोकळी केलेली असते. झडप उघडली की आतलं हळूहळू सिरिंजमध्ये येतं. वीज लागत नाही, मोठ्या यंत्राची घरघरही नसते. काही ठिकाणी हेच काम विजेच्या यंत्राने करतात.

संपलं हे डॉक्टरला कसं कळतं? सिरिंजमध्ये गुलाबी फेस दिसू लागतो, नळीच्या टोकाला आतला पृष्ठभाग खरबरीत लागतो आणि पिशवी आवळून नळीला धरते. नेमकी तेव्हाच तुम्हाला सर्वांत जोराची कळ येते. पुष्कळ जणी त्याच क्षणी घाबरतात, पण ती कळ शुभ समजा. रिकामी पिशवी आकसते, आकसली की तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. त्यानंतर नर्स ते सगळं गाळणीत धुऊन पाणी घातलेल्या उथळ काचेच्या बशीत ठेवते आणि बशी उजेडासमोर धरली जाते. गर्भाच्या वारेचे धागे पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तरंगताना दिसले, म्हणजे जे यायचं ते आलं. ते दिसलेच नाहीत, तर गर्भ आत राहिला की मुळात बीजवाहक नळीत होता, याचा शोध तिथल्या तिथे सुरू होतो. तुम्हाला हे पाहावं लागत नाही, पण पाहिलं का, हे विचारायला हरकत नाही.

मग एक-दोन तास झोपवून ठेवतात, नाडी, रक्तदाब, रक्तस्राव पाहतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. पोटात पाळीसारख्या कळा एक-दोन दिवस येतात. आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळी आणि शेकायची पिशवी पुरते. अंगावरून जाणं एक-दोन आठवडे थोडं थोडं चालतं, कधी मध्ये दोन दिवस काहीच नसतं आणि पुन्हा डाग दिसतो. एखादी गुठळीही पडते. मळमळ दोन-तीन दिवसांत जाते, छातीचा दुखरेपणा आठवडाभर राहू शकतो. घरी लघवीची चाचणी केली, तर ती तीन-चार आठवडे ‘आहे’ असंच दाखवू शकते, कारण गर्भारपणाचं संप्रेरक रक्तातून हळूहळू ओसरतं. तेव्हा ती चाचणी करून स्वतःला छळू नका. पाळी चार ते आठ आठवड्यांत येते.

पथ्याची यादी घरात नक्की निघेल : केळं नको, आंबट नको, डोकं धुऊ नको. यातलं काहीही वैद्यकशास्त्र मागत नाही. आंघोळ करा, सगळं खा, लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर पूर्ण करा. दोन दिवसांत कामाला लागता येतं. फक्त रक्तस्राव थांबेपर्यंत योनीत काही घालू नका, संबंधही नको, कारण पिशवीचं तोंड अजून पुरतं मिटलेलं नसतं आणि जंतू वर चढू शकतात.

मन हलकं होतं की जड, हे ज्याचं त्यालाच माहीत. अचानक रडू आलं तर ते संप्रेरकांच्या उतारामुळेही असतं, निर्णय चुकला असा त्याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत सुमारे हजार स्त्रियांचा पाच वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात, गर्भपात झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना नंतरही तो निर्णय बरोबरच वाटत होता.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजणं. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप दिवसभर राहणं. गोळीने न थांबणारी पोटदुखी, दुर्गंधीयुक्त स्राव, चक्कर येऊन पडणं. पिशवीत काही उरल्याने पुन्हा साफ करावी लागण्याची वेळ शंभरात एक-दोघींवर येते. पिशवीला इजा हजारात एक ते चार जणींना होते. संख्या लहान आहे, पण खूण ओळखून लवकर गेलेल्यांचंच निभावतं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ताप अंगावर काढणं हा जुना आणि खरा धोका आहे.

पुढे मूल होईल का? जंतुसंसर्ग न होता व्यवस्थित पार पडलेल्या या क्रियेने गर्भधारणेची क्षमता कमी होत नाही, स्तनाचा कर्करोगही होत नाही. सासूबाईंना एवढं नक्की सांगा. सांगायचं नसेल तर तेही तुमच्या हाती आहे. कायद्याच्या कलम ५-अ नुसार तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संमतीपत्र पाकिटात बंद करून ‘गोपनीय’ म्हणून ठेवलं जातं. मराठीत असे प्रश्न मोकळेपणाने छापायची सुरुवात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून केली. तुमचं पत्र त्याच वाटेने आलं आहे आणि इथेही नाव राखलेलं आहे.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. पाळी यायच्या आधी दिवस राहू शकत नाहीत, असा समज आहे. प्रत्यक्षात गर्भारपणाचं संप्रेरक ओसरताच बीज पुन्हा तयार होऊ लागतं आणि ते आठ-दहा दिवसांतही सुटू शकतं. म्हणजे पुढच्या पाळीची वाट पाहत राहिलात, तर ती कदाचित येणारच नाही. यजमान दोन-तीन महिन्यांनी येतात, तेव्हा साधन आधीच तयार असायला हवं. तांबी क्रियेनंतर लगेच, त्याच टेबलावर बसवता येते. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि आठवड्याची ‘छाया’ गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची असते. त्यातलं औषध तर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलं आहे, म्हणजे तुमच्याच प्रदेशातलं. यातलं काय हवं ते क्रियेच्या तारखेआधीच डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवा, म्हणजे त्यासाठी दुसरी फेरी मारावी लागणार नाही.